झारीतले शुक्राचार्य आणि त्यांची लेक

भाकरी-कालवण आवरून, दावणीची गुरं बांधून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज एका बापाची गोष्ट सांगणार आहे. नाव तुमच्या तोंडात रोजचं आहे.

कचेरीत विहिरीचं प्रकरण अडकलं, घरकुलाचा हप्ता रखडला की आपण काय म्हणतो? "वरून पैसे सुटलेत गं, पण मधे कुणीतरी झारीतला शुक्राचार्य बसलाय." बळीराजा वामनाला तीन पावलं जमीन द्यायला निघाला. दानाचं पाणी सोडण्यासाठी त्यानं झारी उचलली. त्याचे गुरू शुक्राचार्य यांना कळलं की हे दान आपल्या राजाला बुडवणार. त्यांनी बारीक रूप घेतलं आणि झारीच्या तोटीत जाऊन बसले, म्हणजे पाणीच पडू नये. वामनानं तोटीत दर्भाची काडी घातली आणि शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. दिवाळीच्या पाडव्याला आपण बळीची आठवण काढतो, पण त्याला वाचवायला गेलेल्या गुरूचं नाव मात्र अडवणूक करणाऱ्या माणसाला देतो.

हेच शुक्राचार्य आभाळातही आहेत. आपल्या आया-आज्या शुक्राची चांदणी उगवली की जात्यावर बसायच्या. शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त थांबतात. आणि गोदावरीकाठी कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे, कचेश्वराचंही आहे. त्यांचा आश्रम इथंच होता असं त्या भागातली माणसं मानतात.

असा हा विक्षिप्त गुरू. देवांच्या विरुद्ध असुरांचा पुरोहित. मेलेल्या माणसाला उठवणारा मंत्र जाणणारा. आजची पोरं त्याला जादूगारच म्हणतील. या जादूगाराला एक मुलगी होती, देवयानी. तिची आई या कथेत कुठंच दिसत नाही. बाप आणि लेक, दोघंच. आणि या बापाला पुन्हा पुन्हा एकाच पेचात पडावं लागलं: आपलं तत्त्व सांभाळायचं की लेकीचे डोळे पुसायचे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ही पुराणकथा आहे. ती अमुक साली अशीच घडली असं मी म्हणत नाही. पण कथा कुणी, कधी, कशासाठी सांगितली याला इतिहास असतो. ही कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. महाभारताला आजचं रूप यायला कित्येक शतकं लागली, आणि त्यालाही आता सुमारे दीड-दोन हजार वर्षं झाली. गावोगावच्या पोथ्यांमध्ये फरक होते, म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या विद्वानांनी १९१९ साली बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहायचं काम हाती घेतलं. ते १९६६ साली पुरं झालं. मी सांगते ती कथा त्या आदिपर्वातलीच.

देव आणि असुर यांची लढाई चालली होती. देवांचे गुरू बृहस्पती, असुरांचे शुक्राचार्य. लढाईत असुर पडले की शुक्राचार्य संजीवनी विद्येनं त्यांना उठवत. देवांकडचे मेलेले मात्र मेलेलेच राहत, कारण बृहस्पतींना ती विद्या येत नव्हती. मग देवांनी युक्ती केली. बृहस्पतींचा थोरला मुलगा कच याला सांगितलं, "तू शुक्राचार्यांचा शिष्य हो आणि विद्या घेऊन ये. त्यांच्या मुलीची मर्जी सांभाळ, तिच्याकडूनच काम होईल."

कच गेला. त्यानं नाव लपवलं नाही. "मी बृहस्पतींचा मुलगा, मला शिष्य करा," असं सरळ सांगितलं. शत्रूच्या गुरूचा मुलगा दारात उभा! पण शुक्राचार्यांनी त्याला घरात घेतलं. शिकायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे त्यांचं एक तत्त्व. दुसरं तत्त्व म्हणजे असुरांचं मीठ खाल्लंय तर त्यांच्याशी इमान राखायचं. आणि तिसरं, संजीवनी विद्या कुणालाही द्यायची नाही. ही तिन्ही तत्त्वं एकाच घरात सुखानं नांदणार नाहीत, हे तुम्हाला आत्ताच दिसत असेल. शुक्राचार्यांना तेव्हा दिसलं नाही.

कच गुरं राखायचा, फुलं-लाकडं आणायचा, गाणं म्हणून देवयानीला रिझवायचा. तिचा त्याच्यावर जीव जडला. असुरांना संशय आला. एके दिवशी त्यांनी कचाला रानात गाठून मारलं आणि त्याचे तुकडे लांडग्यांना घातले. संध्याकाळी गाई घरी आल्या, गुराखी आला नाही. देवयानी बापाला म्हणाली, "सूर्य बुडाला, गाई आल्या, कच नाही आला. त्याला कुणी मारलं असणार. त्याच्याशिवाय मी जगणार नाही."

शुक्राचार्यांनी मंत्र म्हटला, हाक मारली आणि कच लांडग्यांची पोटं फोडून उभा राहिला. असुरांसाठी राखलेली विद्या पहिल्यांदा शत्रूच्या मुलावर चालली. असुरांनी त्याला दुसऱ्यांदा मारलं. देवयानी पुन्हा रडली, बापानं पुन्हा उठवलं.

तिसऱ्या वेळी असुरांनी कचाला जाळलं, त्याची राख केली, ती दारूत मिसळली आणि तो पेला खुद्द शुक्राचार्यांच्याच हातात दिला. ते प्यायले.

देवयानी तिसऱ्यांदा बापाकडे आली. या वेळी शुक्राचार्यांनी तिला समजावून पाहिलं. "उठवला तरी ते त्याला परत मारतात. मी काय करू? रडू नकोस, तुझ्यासारखीनं मरणाऱ्या माणसासाठी रडू नये." थकलेल्या बापाचं बोलणं आहे हे. पण तिनं अन्न सोडायची भाषा केली. मग त्यांनी हाक मारली आणि त्यांच्याच पोटातून कचाचा दबका आवाज आला.

आता पेच बघा. कच बाहेर यायचा तर बापाचं पोट फाटणार. बाप जगायचा तर कच गेला. शुक्राचार्य लेकीला विचारतात, "बोल, तुझं काय भलं करू? माझ्या मरणातच कचाचं जगणं आहे." आणि देवयानी म्हणते, दोन्ही दुःखं मला आगीसारखी जाळतायत. कच गेला तर मला सुख नाही. तुम्ही गेलात तर मी जगू शकत नाही.

शुक्राचार्यांनी एक वाट काढली. पोटातल्या कचाला त्यांनी संजीवनी विद्या शिकवली. "बाहेर ये, आणि मग मुलाच्या नात्यानं मला जिवंत कर." कच पोट फाडून बाहेर आला, त्यानं गुरूला उठवलं, पाया पडला. ज्या विद्येसाठी देवांनी त्याला पाठवलं होतं ती त्याला मिळाली होती. असुरांची एकमेव ढाल गेली. त्यांच्या गुरूनं ती दिली, लेकीच्या आसवांपायी.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. शिक्षण संपल्यावर कच निघाला. देवयानीनं लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, "ज्या देहातून तू जन्मलीस त्याच देहात मीही राहिलो. तू माझी बहीण." तिनं शाप दिला, तुझी विद्या तुला फळणार नाही. त्यानं उलट शाप दिला, कुणी ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही. आणि मी ज्याला शिकवीन त्याला विद्या फळेल, असं म्हणून तो गेला.

आपण ही कथा ऐकतो ती कच-देवयानीच्या प्रेमाची म्हणून. मला तिच्यात एक वेगळीच गोष्ट टोचते. बापानं मुलीसाठी राज्याचं गुपित दिलं, स्वतःचा जीव पणाला लावला. पण ती विद्या मुलीला कधी शिकवली का? कथेत तसं कुठंच नाही. ती आश्रमात जन्मली, वाढली, बुद्धीनं तल्लख होती, प्रत्येक वेळी कच मेला हे तिनंच आधी ओळखलं. परका मुलगा येऊन पोटात बसून विद्या शिकून गेला, घरची मुलगी मात्र बापाच्या पायाशी बसून "त्याला उठवा हो" म्हणत राहिली. तिला विद्या येत असती तर तिला रडावं लागलं नसतं, आणि बापालाही आपलं पोट फाडून घ्यावं लागलं नसतं.

विद्या नव्हती, म्हणून देवयानीच्या हाती एकच हत्यार उरलं: बापाची माया. ती ते पुढंही वापरत राहिली. कसं, ते ऐका.

असुरांचा राजा वृषपर्वा. त्याची मुलगी शर्मिष्ठा आणि देवयानी मैत्रिणी. एकदा पाण्यात खेळताना काठावरचे कपडे वाऱ्यानं एकत्र झाले आणि शर्मिष्ठेनं चुकून देवयानीचं वस्त्र नेसलं. भांडण लागलं. शर्मिष्ठा म्हणाली, "तुझा बाप माझ्या बापापुढं खाली बसून स्तुती करतो, मागून खातो. तू मागणाऱ्याची मुलगी." आणि तिनं देवयानीला पडक्या विहिरीत ढकलून दिलं. शिकारीला आलेल्या ययाती राजानं तिला हात देऊन वर काढलं. पण ती गावात परत जाईना. तिनं घूर्णिका नावाच्या दासीकडून बापाला निरोप धाडला.

शुक्राचार्य धावत आले. लेकीला पोटाशी धरलं. आणि आधी काय म्हणाले? "माणसाला सुखदुःख आपल्याच वागण्यानं मिळतं. तुझंही काहीतरी चुकलं असेल." मग समजावलं, की राग गिळणारा माणूस शंभर वर्षं दर महिन्याला यज्ञ करणाऱ्यापेक्षा मोठा. पोरीपोरींच्या भांडणात शहाण्यानं पडू नये. किती समजुतीचं बोलणं! आपल्याही घरात भांडण झालं की वडीलधारी माणसं असंच बोलतात.

पण देवयानी म्हणाली, "धर्म काय ते मला कळतं. पण जिथं आपल्याला हलकं लेखतात तिथं मी राहणार नाही." आणि क्षमेवर एवढं बोललेला बाप उठला, थेट राजाकडं गेला आणि म्हणाला, "मी तुझं राज्य सोडतो." राजा गयावया करू लागला, तुम्ही गेलात तर आम्हाला समुद्रात बुडी घ्यावी लागेल. शुक्राचार्य म्हणाले, समुद्रात बुडा नाहीतर दाही दिशांना पळा, लेकीचं दुःख मला सोसवत नाही. तिची समजूत काढा.

देवयानीनं मागितलं, शर्मिष्ठा हजार मुलींसह माझी दासी व्हावी. शर्मिष्ठा आपल्या लोकांसाठी तयार झाली. राजाची मुलगी दासी झाली. एका बापानं लेकीचा हट्ट पुरवला, त्याची किंमत दुसऱ्या बापाच्या लेकीनं मोजली.

पुढे देवयानीनं ययातीशी लग्न केलं. शर्मिष्ठा दासी म्हणून बरोबर गेली. हिला आपल्या शेजेवर बोलवू नकोस, असं शुक्राचार्यांनी जावयाला बजावलं होतं. त्यानं ऐकलं नाही. देवयानीला दोन मुलगे झाले, शर्मिष्ठेला तीन. कळल्यावर देवयानी रडत माहेरी आली, आणि बापानं जावयाला शाप दिला: तू आत्ताच्या आत्ता म्हातारा होशील. ययाती म्हणाला, देवयानीबरोबरच्या संसारातून माझं मन अजून भरलं नाही. शाप कुणाला लागला मग? जावयाला लागला तसा लेकीच्या संसारालाही लागला. शुक्राचार्यांना शाप मागं घेता आला नाही. एवढंच म्हणाले, तुझं म्हातारपण कुणी घेत असेल तर दे. शेवटी ते शर्मिष्ठेच्या धाकट्या मुलानं, पुरूनं घेतलं.

आता दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोथीतून आपल्या महाराष्ट्रात येऊ. ही कथा मराठीत पुन्हा पुन्हा सांगितली गेली, आणि दर वेळी सांगणाऱ्यानं आपल्या काळाचं दुखणं तिच्यात घातलं.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले माणूस. त्यांच्या 'कीचकवध' नाटकात लोकांनी इंग्रज सरकारवरची टीका ओळखली, आणि सरकारनं त्यावर बंदी घातली. १९१३ साली त्यांनी 'विद्याहरण' हे संगीत नाटक आणलं, ते याच कथेवर. त्या काळी स्टेजवर बायांच्या भूमिकाही पुरुषच करत. खाडिलकरांनी कथेतला दारूचा पेला उचलला आणि नाटकाच्या मध्यावर ठेवला. त्यांचे शुक्राचार्य मोठे ज्ञानी, पण दारूच्या आहारी गेलेले. त्याच्या थोडं आधी, १९०८ साली, पुण्यात दारूच्या दुकानांसमोर उभं राहून गिऱ्हाइकांना परत फिरवण्याची चळवळ झाली होती. ज्यांनी ती पाहिली होती त्यांना नाटकातला पेला कुणाचा हे सांगावं लागलं नसेल. पुढे १९१९ साली गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आलं आणि दारूनं मोडलेला संसार मराठी माणसानं रडत पाहिला.

खाडिलकरांनी हे मनचं घातलं नव्हतं. मूळ महाभारतातही शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्य रागानं नियम करतात, की यापुढे जो ब्राह्मण दारू पिईल त्याला ब्रह्महत्येचं पाप लागेल. नियम एका जातीपुरता होता, आणि तो कधी आला? स्वतःच्या घरात आग लागल्यावर. राख स्वतःच्या पोटात गेल्यावर.

आपल्या बायांनी तो नियम सगळ्यांसाठी मागितला. १९७२-७३ च्या सुमारास शहादा भागातल्या आदिवासी बाया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या, त्यांनी मडकी फोडली. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. आणि गावातलं दुकान उठवायला बायांनी मतदान करायचं, बंद हवं तर 'आडव्या बाटली'वर शिक्का मारायचा, हेही आपल्याच राज्यात झालं. शुक्राचार्यांनी शापानं जे करू पाहिलं ते बायांनी मतानं केलं.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली आली. तिला १९६० साली साहित्य अकादमीचा आणि पुढे १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. त्यात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघंही आपापली बाजू आपल्याच तोंडानं सांगतात. दासी झालेल्या शर्मिष्ठेला तिथं आवाज मिळाला. पण बाप तिथंही स्वतः होऊन बोलत नाही. शिरवाडकरांनीही १९६६ साली 'ययाति आणि देवयानी' नाटक लिहिलं. इतक्या वेळा कथा सांगून झाली, तरी मी मघाशी विचारलेला प्रश्न उरतोच: मुलीला विद्या का नाही दिली?

या प्रश्नाचं उत्तर एका खऱ्याखुऱ्या बापानं दिलं. तोही विक्षिप्तच. त्याचं नाव अनंतशास्त्री डोंगरे.

अनंतशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. पुण्यात त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन राणीला संस्कृत शिकवायचे. ते पाहून या तरुणाच्या मनात भरलं, की बाईला संस्कृत येऊ शकतं, मग माझ्या बायकोला का नको? घरच्यांनी विरोध केला, पहिल्या बायकोला शिकवणं जमलं नाही. ती वारल्यावर त्यांनी गोदावरीकाठी लक्ष्मीबाईंशी लग्न केलं. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या. शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. आज हे ऐकून आपल्याला राग येतो आणि यायलाच हवा. पण त्यांनी त्या मुलीला शिकवायला घेतलं. लोकांनी छी-थू केली. उडुपीला पंडितांच्या सभेपुढं त्यांना उत्तर द्यावं लागलं, आणि बाईला संस्कृत शिकवायला शास्त्राची आडकाठी नाही हे त्यांनी शास्त्रातूनच दाखवलं. तरी सुखानं राहता येईना. मग ते कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळच्या रानात झोपडी बांधून राहिले. तिथं १८५८ साली त्यांना मुलगी झाली, रमा. हीच पुढे पंडिता रमाबाई.

रमा सहा महिन्यांची असताना ते रानही सुटलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावरून तिला खाली आणलं. पुढची कित्येक वर्षं हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. देवळात बसून पुराणं सांगायची आणि लोक देतील त्यावर राहायचं. बाप म्हातारा झालेला, म्हणून रमाला आईनं शिकवलं, पहाटे अंधारात उठवून, शुक्राच्या चांदणीच्या वेळेला. बापानं आईला दिलेली विद्या आईनं मुलीला दिली.

मोठ्या मुलीचं लग्न त्यांनी लहानपणीच करून दिलं होतं. ते फसलं. ते पाहून शास्त्रीबुवांनी ठरवलं, रमाचं लग्न लहानपणी करायचं नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही केवढी गोष्ट होती ते तुम्ही जाणता.

पण मी या बापाला देव करणार नाही, कारण त्यांच्या तत्त्वांनीही लेकरांना भाजलं. जवळचं होतं नव्हतं ते त्यांनी तीर्थांच्या ठिकाणी दानधर्मात संपवलं. मुलांना पोटापाण्याची विद्या शिकवली नाही. मजुरी करणं, हात पसरणं त्यांना कमीपणाचं वाटे. १८७४ च्या सुमाराला दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना. भांडीकुंडी विकून झाली. पाला आणि पाण्यावर दिवस काढले. शेवटी डोळे गेलेल्या म्हाताऱ्या बापानं जलसमाधी घ्यायचं ठरवलं. लाडक्या धाकट्या लेकीला जवळ घेऊन निरोपही घेतला. तेव्हा मुलगा पुढं झाला. म्हणाला, मी मजुरी करतो, तुम्ही मरू नका. बापाचं तत्त्व मुलानं मोडलं. तरी काही दिवसांतच बाप गेला, थोड्या महिन्यांत आई, मग मोठी बहीणही.

रमा आणि तिचा भाऊ, दोघंच उरले. पायी फिरत फिरत ते १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, आणि नंतर दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलींना दौंडजवळच्या केडगावात आसरा दिला. तिथं त्यांनी मुलींना अक्षरांबरोबर हातानं करायची कामंही शिकवली. बापाकडून जे राहून गेलं होतं ते लेकीनं भरून काढलं.

आता दोन्ही बाप शेजारी ठेवून बघा. शुक्राचार्यांनी लेकीचं प्रत्येक मागणं पुरवलं, पण तिच्या हातात काही दिलं नाही. बाप असेपर्यंत ती बलवान, एरवी रिकामी. अनंतशास्त्र्यांना लेकीला धड दोन घास देता आले नाहीत, पण विद्या दिली. बाप गेल्यावर ती त्या विद्येवर उभी राहिली. पहिल्याची माया कमी होती असं मी म्हणणार नाही. ज्यानं लेकीसाठी आपलं पोट फाडून घेतलं त्याला काय म्हणणार? पण मायेनं दिलेली वस्तू संपते आणि ती पुन्हा मागावी लागते.

आपल्या गावातले बाप आठवा. लेकीच्या लग्नासाठी कर्ज काढतात, एकरभर रान विकतात, मांडवात रडतात. ती माया खोटी नसते. पण तोच बाप, किंवा त्याच्यामागे भाऊ, तिच्याकडून हक्कसोड पत्रावर अंगठा घेतो. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि सगळ्या देशानं २००५ साली कायदा बदलला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. कायदा झाला, पण झारीच्या तोटीत बसलेले आपलेच आहेत.

आणि आपण आयासुद्धा त्यातल्या आहोत. मुलगी रडली की आपण धावतो. जावयाशी भांडतो, सासरी जाऊन तमाशा करतो. पण बँकेचं पुस्तक तिला वाचता येतं का, सातबारा कळतो का, चार पैसे स्वतःचे मिळवता येतात का, हे किती जणींनी पाहिलं?

या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं बोला. तुमच्या वडलांनी तुमच्यासाठी काय सोडलं, आणि तुमच्या हातात काय दिलं? ही दोन उत्तरं वेगळी येतील, ती वेगवेगळीच सांगा. ज्या म्हाताऱ्या बायांना वडलांचं फार बोलता येत नाही त्यांना आधी बोलू द्या. मग आपापल्या लेकींसाठी काय करायचं ते ठरवा.

आणि पहाटे लवकर उठलात तर पूर्वेला बघा. चांदणी दिसलीच तर तिच्याकडं बघून त्या बापाला रागावू नका. त्यानं जे होतं ते दिलं. राहिलेलं तेवढं आपण देऊ.

राम राम.